वाचकांचे प्रश्न : पुस्तकात वेचणाऱ्या बाया आहेत काय?

(मागच्या अंकात खामगावच्या रेल्वेबद्दल लिहिताना अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा एका ओळीत उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर लेखापेक्षा जास्त पत्रं आली. त्यातली काही या वेळी घेतो.)

प्रश्न : सर, नमस्कार. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री झालो आहे, घरी कोरडवाहू शेती बघतो. अमेरिकेच्या यादवी युद्धावर वाचायची इच्छा आहे. मोबाइलवर शोधलं तर पुस्तकांचा पाऊस पडला. इंग्रजी समजतं, पण वेग बैलबंडीचा. सुरुवात कुठून करू? आणि एकच पुस्तक वाचायचं झालं तर कोणतं?
— दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : तुला ‘तू’च म्हणतो. माझ्या शेवटच्या बॅचची पोरं आता तुझ्याच वयाची असतील.

एकच वाचायचं असेल तर जेम्स मॅक्फर्सन यांचं ‘बॅटल क्राय ऑफ फ्रीडम’. १९८८ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. पानं नऊशेच्या आसपास. माझी प्रत नागपुरात सीताबर्डीच्या फूटपाथवरची, कव्हर नसलेली. घरी आणल्यावर बायको म्हणाली, याच्यानं दाराला टेकण होईल. महिनाभर झालंही.

या पुस्तकात पहिली तोफ उडायलाच अडीचशेच्या वर पानं लागतात. म्हणून अनेक जण मध्येच सोडून देतात, आणि माझ्या मते इथंच चुकतात. मॅक्फर्सन सुरुवात करतात ती १८४७ पासून, अमेरिकेनं मेक्सिकोवर केलेल्या स्वारीपासून. जिंकलेल्या नव्या मुलखात गुलाम ठेवायचे की नाही, या एका प्रश्नावरून देश उभा कसा चिरत गेला, ते ती अडीचशे पानं सांगतात. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टर या किल्ल्यावर दक्षिणेचे गोळे पडतात तेव्हा तुला आश्चर्य वाटत नाही. हे आधीच कसं झालं नाही, असं वाटतं. रोज दहा पानं धर. सोयाबीन घरात आल्यावर सुरू केलंस, तर कापसाच्या शेवटच्या वेच्यापर्यंत पुस्तक हातावेगळं होईल.

थोडी जमीन नांगरून देतो, म्हणजे वाचताना अडखळणार नाहीस. १८६० मध्ये अमेरिकेची लोकसंख्या तीन कोटी दहा लाखांच्या घरात होती. त्यातली जवळपास चाळीस लाख माणसं गुलाम होती. लिंकन निवडून आल्यावर दक्षिणेतली अकरा राज्यं फुटून निघाली. चार वर्षं लढाई चालली. मेले किती? जुना आकडा सहा लाख वीस हजारांचा. २०११ मध्ये एका अभ्यासकानं जनगणनेचे आकडे पुन्हा तपासून तो साडेसात लाखांच्या आसपास नेला. आपल्याकडे अशा भांडणाला यादवी म्हणतात, कारण द्वारकेच्या यादवांनी एकमेकांना लव्हाळ्यानं बदडून संपवलं. तिकडे लव्हाळ्याच्या जागी रायफली होत्या, एवढाच फरक.

आता दुसरं नाव घेतो, आणि त्याच्यासोबत एक गोष्ट सांगावीच लागते.

शेल्बी फूट हा मुळात कादंबरीकार. त्यानं ‘द सिव्हिल वॉर : अ नॅरेटिव्ह’ हे तीन खंड वीस वर्षं घालून लिहिले, तेही टाक बुडवून. पहिला खंड १९५८ चा, शेवटचा १९७४ चा, सगळी मिळून तीन हजारांच्या जवळपास पानं. भाषा अशी की लढाईच्या आदल्या रात्रीचा पाऊस तुझ्या अंगावर पडतो. मी त्याच्या पार प्रेमात होतो. तीनेक वर्षांपूर्वी कापसाच्या दिवसांत ओट्यावर बसून दुसरा खंड वाचत होतो, गेटिसबर्गच्या लढाईचा. वेचणीच्या बाया वजन करून घ्यायला आल्या होत्या. त्यातली एक, आमच्या शेतात पंधरा वर्षं येणारी, पुस्तकाची जाडी बघून म्हणाली, “मास्तर, एवढं कायचं हाय?”

म्हटलं, अमेरिकेत लढाई झाली होती, तिचं.

“काऊन लढले?”

म्हटलं, तिथं कापूस वेचायला विकत घेतलेली माणसं ठेवत. त्यांच्यावरून.

ती काट्यावरच्या गाठोड्याकडे बघत म्हणाली, “मंग याच्यात थ्या येचनाऱ्या बाया हायेत काय?”

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी वाचलं होतं त्यात सेनापती होते, घोडे होते, टेकड्या होत्या, दक्षिणेचा सेनापती ली कुठं चुकला आणि उत्तरेचा ग्रँट कुठं थांबला हे होतं. ज्यांच्यावरून सगळं पेटलं ती माणसं मात्र कोपऱ्यात, तोंड न उघडता उभी होती. वर फूटचा एक कल दक्षिणेकडे आहे, तो झाकत नाही. १९९० च्या गाजलेल्या टीव्ही माहितीपटात तो सांगतो की या युद्धानं दोन अस्सल प्रतिभावंत दिले, लिंकन आणि नेथन बेडफर्ड फॉरेस्ट. हा फॉरेस्ट दक्षिणेचा सेनापती, युद्धाआधी गुलामांचा व्यापारी होता. १८६४ मध्ये फोर्ट पिलो इथं शरण आलेल्या काळ्या सैनिकांची कत्तल झाली ती त्याच्याच फौजेकडून. युद्धानंतर तो काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या झाला.

त्या दिवसापासून या युद्धावरचं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची सूची उघडतो आणि त्या बाईचा प्रश्न विचारतो. फूट वाच, जरूर वाच, पण दुसऱ्या नंबरवर. तळटिपाही तो देत नाही, तेव्हा हे त्याला कुठून कळलं असं विचारायची सोय नाही.

या प्रश्नाला सगळ्यात दणकून उत्तर देणारं पुस्तक १९३५ चं आहे, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचं ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’. (रिकन्स्ट्रक्शन म्हणजे युद्धानंतरची दक्षिणेची फेरउभारणी.) ड्यू बॉइस स्वतः काळे, हार्वर्डची डॉक्टरेट घेतलेले. तोवरच्या गोऱ्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं की उत्तरेनं गुलामांना मुक्त केलं, आणि नंतर या अडाणी लोकांनी राज्यकारभाराचा विचका केला. ड्यू बॉइस म्हणतात, थांबा. उत्तरेची फौज जवळ आली की लाखो गुलाम मळे सोडून निघाले. हा संप होता, मजुरांचा सार्वत्रिक संप. ज्यांच्या कष्टावर दक्षिण उभी होती त्यांनी हात काढून घेतले, आणि एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळी माणसं उलट उत्तरेच्या सैन्यात भरती झाली. शेवटच्या प्रकरणात ते आपल्याच धंद्यातल्या इतिहासकारांची नावानिशी झडती घेतात. इंग्रजी जड आहे, मध्येच कविता येते, आकडेही पुष्कळ. मॅक्फर्सन पचल्याशिवाय याला हात घालू नकोस. आणि हे आवडलं तर एरिक फोनर यांचं ‘रिकन्स्ट्रक्शन’ (१९८८) याच वाटेनं पुढे जातं, युद्ध संपल्यावर १८७७ पर्यंत मुक्त झालेल्यांचं काय झालं तिथवर. जाता जाता : बाबासाहेबांनी १९४६ मध्ये याच ड्यू बॉइसना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत आहेत असं कळलं, त्याच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा त्यात आहे.

पैसे खर्चायचे नसतील तर दोन गोष्टी मोबाइलवर फुकट आहेत. एक, जनरल ग्रँटच्या आठवणी. हा माणूस राष्ट्राध्यक्ष होऊन गेला, मग भागीदारानं बुडवला, पार कंगाल झाला, त्यात घशाचा कर्करोग. बायकोला मागं काही राहावं म्हणून मरणाच्या दारात बसून लिहीत सुटला. जुलै १८८५ मध्ये लिखाण पुरं केलं आणि थोड्याच दिवसांत गेला. मार्क ट्वेननं ते छापून विकलं. वाक्यं आखूड आणि कोरडी, तुझ्या वेगाला सोपी. दोन, १९३६ ते १९३८ या काळात सरकारनं माणसं पाठवून गुलामीत जन्मलेल्या म्हाताऱ्या बाया-माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या. तेवीसशेच्या वर आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर वाचता येतात. त्यांची बोली तशीच उतरवली आहे, त्यामुळे आधी डोकं दुखेल. वऱ्हाडीतली पत्रं पुण्याच्या माणसाला वाचायला दिल्यावर होतं तसं. मोठ्यानं वाचलं की उलगडतं.

ब्रूस कॅटन यांचं ‘अ स्टिलनेस अ‍ॅट अ‍ॅपोमॅटॉक्स’ पण चांगलं, साध्या शिपायाच्या चपला-भाकरीकडे बघणारं. कॅटन लहानपणी मिशिगनमध्ये म्हाताऱ्या शिपायांच्या गोष्टी ऐकत वाढले, ते दिसतं. सवडीनं.

प्रश्न : मास्तर, राग मानू नका. आपल्या कास्तकाराला बोंडअळी आणि भाव, दोन्हींनी खाल्लं आहे. अशा वेळी दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या भांडणाची पुस्तकं वाचून काय मिळणार? आपला इतिहास काय कमी आहे?
— दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : राग कशाचा? पण दादा, तुम्ही ज्याला आपला इतिहास म्हणता त्याच्यातच ते भांडण आहे. आपण कापूस न्यायचा त्या कारखान्याला ‘जिन’ म्हणतो ना? तो शब्द तिकडचाच. १७९३ मध्ये एली व्हिटनेनं सरकी काढायचं यंत्र बनवलं, त्यामुळे कापूस फायद्याचा झाला, आणि म्हणूनच गुलामगिरी विरायच्या ऐवजी फोफावली.

आमचे आजोबा एक गोष्ट सांगत. त्यांच्या आजोबांच्या काळात कापसाला असा भाव आला की कोणी कोणी बंडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली. लहानपणी मला वाटे, म्हातारा फेकतो. पुढे त्या काळच्या इंग्रज अंमलदारांच्या लिखाणातही हीच चांदीच्या धावांची आणि चांदीच्या फाळाची गोष्ट भेटली, तेव्हा मनातल्या मनात आजोबांची माफी मागितली.

तो भाव आला तो लिंकनच्या आरमारामुळे. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत होता. लिंकननं दक्षिणेची बंदरं अडवली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी, आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या हातात आलेलं. मग काय, जिथं ज्वारी होती तिथं पऱ्हाटी. आपला कापूस तिकडच्या विणकरांना मात्र आवडला नाही. धागा आखूड, वर कचरा. मुंबईहून गेलेला सगळाच माल तिकडे ‘सुरत’ नावानं ओळखला जाई. देवा कापूस दे, पण सुरत नको, अशी त्यांची प्रार्थना प्रसिद्ध आहे. वाचून मला राग आला होता. मग आमच्या घरची गाठोडी आठवली, भिजवून वजन वाढवलेली, आणि राग थोडा उतरला.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला आणि भाव कोसळला. मुंबईत शेअरचा बाजार बुडाला, प्रेमचंद रायचंदसारखा बडा व्यापारी त्यात कंगाल झाला. हे मुंबईकर सांगतात. इकडे चांदीच्या धावांचं काय झालं ते कोणी सांगत नाही. पण कापूस काही गेला नाही. इंग्रजांना आता एकाच देशावर विसंबायचं नव्हतं. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं खामगावात आला, जलंब ते खामगाव ही तेरा किलोमीटरची फाट्याची लाइन उघडायला. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय! आमच्या शाळेच्या सहली त्याच गाडीनं जायच्या. पोरांना मी म्हणायचो, हे रूळ अमेरिकेतल्या लढाईनं टाकले आहेत. ती हसायची.

ही सगळी साखळी सांगणारं पुस्तक स्वेन बेकर्ट यांचं ‘एम्पायर ऑफ कॉटन’, २०१४ चं. खामगाव आणि वऱ्हाड त्यात तळटिपेत नाहीत, मजकुरात आहेत. बेकर्ट यांचा मुद्दा असा : गुलामगिरी गेल्यावर जगाला स्वस्त कापूस पाहिजेच होता, तेव्हा साखळदंडाची जागा कर्जानं घेतली. सावकार, रेल्वे, तारखातं आणि शेतसारा, या चौघांनी मिळून शेतकऱ्याला नगदी पिकात आणलं आणि तिथंच ठेवलं. त्याला जोडून लक्ष्मण सत्य यांचं ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) वाचा. ते तर फक्त आपल्याच मुलखाचं, १८५० ते १९००. कापसानं भरलेल्या वऱ्हाडात १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसं अन्नावाचून कशी मेली, हा त्याचा विषय.

भाव कोण ठरवतं, हे तुमचंच दुखणं आहे. त्याची जन्मकुंडली या दोन पुस्तकांत आहे. भाव वाढवून मिळेल असं मी म्हणत नाही.

प्रश्न : सर, आमच्या शाळेत ऑफिसबाहेर लिंकनचं हेडमास्तरांना पत्र फ्रेम करून लावलं आहे. ते मूळ कोणत्या पुस्तकात सापडेल?
— शिक्षिका, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : मॅडम, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ते पत्र मीही एकोणतीस वर्षं लावलं होतं. दर शिक्षक दिनाला पोरांकडून पाठ म्हणवून घ्यायचो, आणि एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणताना माझाच गळा दाटला होता. मराठीतलं ते देखणं रूप वसंत बापटांचं. लिंकननं ते लिहिल्याचा पुरावा मात्र नाही. त्याची पत्रं, भाषणं, चिठ्ठ्या खंडांमध्ये संपादित होऊन छापल्या आहेत, त्यात हे पत्र नाही.

काढून टाका असं म्हणत नाही. बापटांची मराठी पोरांच्या कानावर पडते, ते काय कमी आहे? खालचं लिंकनचं नाव तेवढं झाका. आणि शेजारी एक दुसरी फ्रेम लावा. १९ नोव्हेंबर १८६३ ला गेटिसबर्गच्या दफनभूमीवर त्यानं केलेलं भाषण, ते खरंच त्याचं आहे. जेमतेम पावणेतीनशे शब्द, नववीच्या पोरांकडून मराठीत करवून घेता येईल. तिसरी जागा उरली तर जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका लावा. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती तेव्हा, १८७३ मध्ये, त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा धरली. पुण्यात बसून, त्या काळात! एवढी बातमी त्यांनी ठेवली होती.

प्रश्न : एका व्हिडिओत सांगितलं की ते युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच, राज्यांच्या हक्कांसाठी होतं. खरं काय?
— वणी

उत्तर : फुटून निघणाऱ्यांनी तेव्हा काय लिहून ठेवलं ते बघा, व्हिडिओ राहू द्या. मिसिसिपी राज्यानं जानेवारी १८६१ मध्ये जाहीरनामा काढला. त्यात सुरुवातीलाच म्हटलं आहे की आमची बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्ण जोडलेली आहे. मार्चमध्ये दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स भाषणात म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या नव्या सरकारचा कोनशिलेचा दगड. राज्यांच्या हक्कांची आठवण झाली ती हरल्यानंतर. आधी, १८५० मध्ये, पळून गेलेले गुलाम धरून द्यायचा कायदा उत्तरेच्या राज्यांवर केंद्राकडून लादायला हेच लोक पुढे होते. तेव्हा त्या राज्यांचे हक्क कुठं गेले?

प्रश्न : गुरुजी, त्या फूटचा दुसरा खंड वाचनालयात आहे काय? पहिला माझ्याकडं आहे.
— आपल्याच गावातला

उत्तर : आहे. आपलं ड वर्गाचं वाचनालय, त्यात या विषयाची साडेतीन पुस्तकं. अर्धं म्हणजे वाळवी लागलेलं कॅटन. पहिला खंड तू गेल्या पोळ्याला नेलास. बापा, तो आधी आण, मग दुसरा ने. आणि तुझ्या घराचं छत गळतं हे मला माहीत आहे, तेव्हा पुस्तक भिजलं असेल तर लपवू नकोस, पानं सुटी करून पंख्याखाली वाळवू. वाचनालय संध्याकाळी पाच ते सात उघडं असतं. सोमवारी खामगावला जातो, त्या दिवशी येऊ नकोस.